२० मिलिग्रॅम, परळ ते अलिबाग

प्रति,
मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



मांडव्याच्या धक्क्यावर सकाळची बोट लागते तेव्हा परतीच्या पर्यटकांच्या गर्दीत काही माणसे वेगळी ओळखू येतात. एक बाई उन्हाळ्यातही डोक्यावरून पदर घट्ट ओढून बसलेली असते. शेजारी नवरा किंवा भाऊ, त्याच्या मांडीवर स्कॅनच्या फिल्मची मोठी पिशवी आणि कोपरे झिजलेली फाइल. गेटवेला उतरायचे, परळचे टाटा रुग्णालय गाठायचे, नंबर लावायचा, रक्त द्यायचे, सलाईन लावून घ्यायची आणि शेवटची बोट चुकली तर रस्त्याने यायचे. पावसाळ्यात कॅटामरान बोटी बंदच असतात. रो-रोचे वेळापत्रक समुद्राच्या हाती. मग पनवेल, पेण, वडखळ असा सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता, खड्ड्यांसकट. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच.

त्या सलाईनमध्ये आता केवळ केमो नसते. अनेकदा त्यात प्रतिपिंड असते, ज्याला डॉक्टर अँटिबॉडी म्हणतात. हे पत्र त्या औषधासाठी आहे. ते समुद्राच्या अलीकडे, अलिबागच्या सिव्हिलमध्ये मिळावे, एवढीच मागणी आहे. ती करताना काही गोष्टी नीट मांडणे भाग आहे, कारण प्रतिपिंड म्हटले की ते परदेशी, लाखांच्या घरातले, मोठ्या शहरातच शोभणारे औषध, असा समज सरकारी टेबलांवरही पक्का बसलेला दिसतो.

रायगड जिल्ह्याला प्रतिपिंड नवे नाही. भातलावणीच्या दिवसांत बांधावर साप चावला की माणसाला उचलून जिथे नेतात आणि जे ‘सापाचे इंजेक्शन’ देतात, ते प्रतिपिंडच. घोड्याला विषाचे सूक्ष्म डोस टोचत जायचे. त्याच्या रक्तात विषाला धरून ठेवणारी प्रथिने तयार होतात, ती वेगळी काढायची आणि कुपीत भरायची. १८९० साली बेहरिंग आणि किटासाटो यांनी घटसर्प आणि धनुर्वातासाठी जी युक्ती दाखवली, तीच ही. महाराष्ट्रात हाफकिन संस्थेने ती पिढ्यान् पिढ्या राबवली. परळची प्रयोगशाळा आणि पिंपरीचे घोडे यांच्यावर कोकणातले कितीतरी जीव तगले आहेत.

विंचवाची गोष्ट तर याच जिल्ह्याची. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाचा दंश झालेली मुले डोळ्यांदेखत जात होती. रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी त्यांनी या दंशावर वापरली. मृत्यूचे प्रमाण इतके खाली आले की लॅन्सेटसारख्या नियतकालिकाने १९८६ मध्ये त्याची दखल घेतली. पुढे २०११ मध्ये विंचवाच्या विषावरचे प्रतिपिंड आणि प्राझोसिन एकत्र दिले तर रुग्ण लवकर सावरतो, हेही महाडमधूनच जगाला कळले. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर, तालुक्याच्या दवाखान्यात प्रतिपिंड देता येते आणि त्याचा अभ्यासही करता येतो, याचा दाखला रायगडच्या हातात आहे. तो शोधायला कुठे जावे लागत नाही.

घोड्यापासूनच्या औषधात मात्र नाना तऱ्हेची प्रतिपिंडे मिसळलेली असतात. कर्करोगासाठी ते चालत नाही. तिथे एकाच खुणेवर बसणारे, एकाच वाणाचे प्रतिपिंड लागते आणि तेही भरपूर. हा पेच १९७५ मध्ये केंब्रिजला सुटला. जॉर्जेस कोहलर आणि सेझर मिलस्टाइन यांनी उंदराची प्रतिपिंड बनवणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. पहिलीला काय बनवायचे ते ठाऊक होते आणि दुसरीला थांबणे ठाऊक नव्हते. जोडलेली पेशी एकच प्रतिपिंड अखंड बनवत राहिली. १९८४ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. या शोधाचे पेटंट घेतलेच गेले नव्हते. पुढच्या काळात याच वाटेवरच्या औषधांच्या किमती जिथे गेल्या, ते पाहता ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

उंदराचे प्रथिन माणसाच्या शरीराला परके वाटते, म्हणून त्याचा बराचसा भाग बदलून मानवी करण्यात आला. नोव्हेंबर १९९७ मध्ये रिटक्सिमॅब हे कर्करोगावरचे पहिले प्रतिपिंड अमेरिकेत मंजूर झाले, ते लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी. सप्टेंबर १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब आले. बोटीतल्या त्या बाईच्या फाइलमध्ये बहुधा याचेच नाव असते.

स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांपैकी साधारण पंधरा ते वीस जणींच्या गाठीतल्या पेशींवर हर-२ नावाचे प्रथिन नको तितक्या संख्येने उगवलेले असते. ते पेशीला सतत वाढण्याचा निरोप देत राहते. कॅलिफोर्नियातील डॉ. डेनिस स्लेमन यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की हा प्रकार जास्त आक्रमक असतो. ट्रास्टुझुमॅब त्या प्रथिनावर जाऊन बसते, निरोप तोडते आणि शरीराच्या संरक्षक पेशींना तिथे बोलावून घेते. जो प्रकार एके काळी सर्वांत वाईट समजला जाई, त्यातल्या लवकर सापडलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्य आज बऱ्या होतात. यासाठी आधी गाठीच्या तुकड्याची हर-२ तपासणी मात्र व्हायलाच हवी. ती न झालेल्या बाईला हे औषध आपल्यासाठी आहे, हे कळतच नाही.

किमतीचे काय? भारतात २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने रिटक्सिमॅबची स्वतःची आवृत्ती बाजारात आणली. बेंगळुरूच्या बायोकॉनने २०१४ च्या सुरुवातीला ट्रास्टुझुमॅबची आणली. मूळ कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली, तरी औषध बाजारात टिकले आणि मागोमाग इतर भारतीय कंपन्याही उतरल्या. या आवृत्त्यांना जैवसदृश औषधे किंवा बायोसिमिलर म्हणतात. ट्रास्टुझुमॅब आणि रिटक्सिमॅब २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. भारताच्या राष्ट्रीय यादीतही ती आहेत. ‘अत्यावश्यक’ हा शब्द सरकारी आहे. तो अलिबागलाही लागू व्हावा, इतकेच.

आता परळची गोष्ट, जिच्यामुळे हे पत्र आज लिहिले जात आहे.

भारतीय पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. कोकणात त्याचे कारण घराघरांत सापडते. मळलेली तंबाखू पुरुषांची, सकाळची मशेरी बायकांची, आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही गुटखा खिशात. रुग्ण उशिरा येतात. जबडा उघडत नाही, मानेत गाठी असतात, शस्त्रक्रियेची वेळ टळलेली असते. अशा रुग्णांसाठी निव्होलुमॅब नावाचे प्रतिपिंड उपयोगी पडते. ते गाठीला हात लावत नाही. आपल्या टी-पेशींवर, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशींवर, पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. जपानच्या तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये तो ओळखला आणि २०१८ मध्ये त्यांना जेम्स अॅलिसन यांच्यासह नोबेल मिळाले. कर्करोग हा ब्रेक दाबून टी-पेशींना थोपवतो. निव्होलुमॅब त्या ब्रेकवर आधीच जाऊन बसते.

नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. खर्च असा की भारतासारख्या देशांतल्या शंभरांपैकी जेमतेम एक ते तीन रुग्णांच्या आवाक्यातला.

टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न विचारला. अगदी थोड्या मात्रेतही हे औषध बहुतेक ब्रेक व्यापते, असे सुरुवातीच्या अभ्यासांत दिसले होते. मग एवढे द्यायचे कशासाठी? डोके आणि मानेचा बळावलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी घेतली. अर्ध्यांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तीन तोंडावाटे घ्यायच्या औषधांचा स्वस्त उपचार दिला. उरलेल्यांना त्याच गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब. एका वर्षानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ४३.४ टक्के. गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत. २०२२ च्या अखेरीस हे निष्कर्ष ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या कर्करोगतज्ज्ञांमध्ये त्यांची चर्चा सुरू झाली.

आकडे फुगवून सांगण्यात अर्थ नाही. ही चाचणी कमी मात्रा आणि पूर्ण मात्रा यांची तुलना नव्हती, म्हणून दोन्ही सारख्याच, असे त्यातून सिद्ध होत नाही. वर्षभरात अर्ध्याहून अधिक रुग्ण तरीही गेले. पण ज्या माणसाला पूर्ण मात्रा कधीच मिळणार नव्हती, त्याच्यासाठी तुलना २४० आणि २० यांची नाही. ती २० आणि शून्याची आहे. आणि त्या तुलनेत सोळा आणि त्रेचाळीस यांमधले अंतर म्हणजे मुलीचे लग्न पाहणारा बाप, होळीच्या पालखीला घरी असलेला माणूस.

साहेब, थोडा हिशेब करून पाहावा. पूर्ण मात्रेत एका रुग्णाला वर्षाला ६,२४० मिलिग्रॅम लागते. परळच्या पद्धतीने साधारण ३५०. एकाच्या औषधात अठरा जणांचे वर्ष निघते. जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत पहिल्यांदा सुरू झाली, त्यांत रायगड होता. तिचेच आजचे रूप असलेल्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेले आहे. त्या पाच लाखांत काय बसते आणि काय बसत नाही, हे या मात्रेवर ठरते.

यात एक व्यावहारिक खोच आहे, आणि ती मोठ्या शहरापेक्षा जिल्ह्याच्या रुग्णालयाला अधिक सोयीची आहे. निव्होलुमॅबच्या कुप्या ४० आणि १०० मिलिग्रॅमच्या मिळतात. एकाला २० दिले तर उरलेले फार काळ ठेवता येत नाही. म्हणजे छोट्या कुपीला दोन रुग्ण आणि मोठीला पाच एकाच दिवशी हवेत. रोह्याचा, मुरूडचा, पेणचा आणि अलिबागचा रुग्ण एकाच ठरलेल्या वारी सिव्हिलला आला की कुपी वाया जात नाही. मुंबईत कोण कुठून येतो याचा मेळ बसवणे अवघड. इथे आशाताईंना फोन केला की जमते.

थंड साखळीची अडचण सांगितली जाते. या औषधांना दोन ते आठ अंश तापमान लागते आणि ती गोठूनही चालत नाहीत. मासळीच्या पेटीसारखा बर्फात दाबून ठेवलेला डबा त्यांना मारतो. पण दोन ते आठ अंश हे तापमान आपल्याच खात्याच्या ओळखीचे आहे. गोवराची, पेंटाव्हॅलंटची लस त्याच तापमानात जिल्ह्याच्या शेवटच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जाते. नर्सबाई रोज सकाळी त्या फ्रिजचे तापमान वहीत लिहितात. ही साखळी तयार आहे. तिला फक्त एक नवे खोके सांभाळायचे आहे.

आणि जवळचे म्हणावे असे आणखी एक ठिकाण आहे. खारघरचे अॅक्ट्रेक, टाटा मेमोरियलचे संशोधन आणि उपचार केंद्र, पत्त्यावर नवी मुंबई असले तरी पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे. ४ जून २०२१ रोजी भारतातला पहिला कार-टी उपचार तिथल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात एका बालरुग्णाला देण्यात आला. रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढायच्या, प्रतिपिंडाचे टोक बसवून त्यांना कर्करोगाची खूण ओळखायला शिकवायची आणि पुन्हा शरीरात सोडायच्या, असा तो उपचार. आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार आणि टाटाच्या डॉक्टरांनी मिळून ते टोक मानवी शरीराला मानवेल असे घडवले. नेक्सकार-१९ या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. अमेरिकेतील किमतीच्या साधारण दहाव्या हिश्शात हा उपचार मिळतो, तरी रक्कम तीस-चाळीस लाखांच्या घरातली आहे. तो अलिबागला आणा, असे कोणी म्हणत नाही. जगाच्या तोडीचे काम ज्या जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणी पंचवीस वर्षांहून जुने ट्रास्टुझुमॅब हक्काने लागावे, हे मागणे फार नाही.

केंद्राने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सांगितले आहे की तीन वर्षांत देशातल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचे डे-केअर केंद्र उभे राहील. राज्याचीही कर्करोगाची त्रिस्तरीय योजना जाहीर झाली आहे. अलिबागला २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि उसरला त्याची जागा आहे. म्हणून विनंती अशी की अलिबागचे डे-केअर केंद्र केवळ केमोच्या दोन खाटांचे होऊ नये. पहिल्या दिवसापासून त्यात प्रतिपिंडांची सलाईन असावी. त्यासाठी चार-पाच गोष्टी लागतील आणि त्यातली एकही आकाशातून आणायची नाही.

निदानापासून सुरुवात व्हावी. हर-२ तपासणीसाठी माणसाने परळला जायची गरज नाही, मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला गाठीचा तुकडा गेला तरी पुरतो. तो कुरियरने जातो, पावसाळ्यातही. अहवाल फोनवर येतो. पहिली तपासणी आणि उपचाराची आखणी टाटात किंवा खारघरला व्हावी, कारण तिथले तज्ज्ञांचे मंडळ इथे उभे राहायला वेळ लागेल. पण त्यानंतरच्या सायकली इथे द्याव्यात. ट्रास्टुझुमॅब वर्षभर दर तीन आठवड्यांनी द्यायचे तर अठरा फेऱ्या होतात. ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या पर्सेफोनी चाचणीत सहा महिन्यांचा उपचार वर्षभराच्या उपचाराहून उणा ठरला नाही. कोणाला किती द्यायचे ते तिचे डॉक्टर ठरवतील, पण अठरा असोत की नऊ, समुद्र ओलांडायची गरज एक-दोन वेळांपुरतीच उरावी. या औषधाचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून साधारण दर तीन महिन्यांनी टू-डी एको लागतो, त्याचा ठरलेला दिवस सिव्हिलमध्ये असावा. निव्होलुमॅबने कधी थायरॉइड बिघडतो, कधी फुफ्फुसाला किंवा आतड्याला सूज येते. ते ओळखणाऱ्या परिचारिका हव्यात. खारघर सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे, तिथे महिनाभर पाठवून त्या तयार होतील.

खरेदीचा मार्गही तयार आहे. टाटा मेमोरियलमधून चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने २३ केंद्रांसाठी ४० औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा १,३२० कोटी रुपये वाचले. काही औषधे २३ टक्क्यांनी स्वस्त मिळाली, काही ९९ टक्क्यांनी. राज्याच्या जिल्हा रुग्णालयांची मागणी त्या सामायिक खरेदीत घालता येते. निव्होलुमॅबच्या भारतातील पेटंटची मुदत मे २०२६ पर्यंतची. त्यानंतर जैवसदृश आवृत्त्यांना पेटंटची अडचण राहत नाही, म्हणून दरांची बोलणी करायची हीच वेळ आहे. आणि परळच्या त्या २० मिलिग्रॅमला जन आरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये स्वतंत्र, स्पष्ट ओळ मिळावी, म्हणजे खिडकीवरच्या आरोग्यमित्राला ‘हे बसते की नाही’ म्हणून मुंबईला फोन लावावा लागणार नाही.

मशेरी सोडवणे, टॉर्च घेऊन तोंडे तपासणे, बायकांची स्तनतपासणी करणे ही कामे यापेक्षा महत्त्वाची आहेत, असे कोणी म्हणेल. म्हणणे बरोबरच आहे. टाटाने मुंबईत दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या हातांनी केलेल्या तपासणीने पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास तीस टक्क्यांनी घटलेले दिसले. पण तपासणीत गाठ सापडलेल्या बाईला पुढे काय सांगायचे, हा प्रश्न त्याच आरोग्यसेविकेच्या दारात येऊन उभा राहतो. ‘मुंबईला जा’ हे उत्तर ऐकून किती जणी घरीच बसल्या, ते आपल्याच खात्याच्या आशाताई सांगू शकतील. त्यांना विचारावे.

कॅटामरान दरवर्षी मेअखेरीस बंद होतात आणि गणपतीच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. हे तीन महिने या रुग्णांना सर्वांत जड जातात. त्याआधी सिव्हिलमध्ये प्रतिपिंडाच्या सलाईनचा वार ठरावा, तो केसपेपरच्या खिडकीवर मोठ्या अक्षरांत लागावा, आणि रेवदंड्याच्या, चौलच्या, पोयनाडच्या माणसाने त्या दिवशी सकाळच्या एसटीने येऊन दुपारच्या एसटीने घरी जावे, अशी विनंती आहे.

कळावे,

एक अलिबागकर